मुंबई पाहायची तर : बेत आणि बोचके

मुंबईला आपण सगळेच जातो. दवाखान्याच्या कामाने जातो, मंत्रालयातल्या एखाद्या कागदासाठी जातो, भाचीच्या लग्नाला जातो. काम उरकते, संध्याकाळची गाडी गाठायची असते, आणि परत येऊन आपण चावडीवर सांगतो, "मुंबई पाहिली." खरे म्हणजे आपण स्टेशन पाहिले, रांग पाहिली आणि नातेवाइकाची दहा बाय बाराची खोली पाहिली. आज मी बोलणार आहे ते केवळ पाहण्यासाठी मुंबईला जाण्याबद्दल. तिथली वस्तुसंग्रहालये, चित्रे, लेणी, नाटके यांसाठी चार दिवस काढायचे, तर बेत कसा करावा, आणि बरोबर काय न्यावे, कसे न्यावे, एवढाच माझा विषय. किरकोळ वाटेल. पण सहल फुकट जाते ती बहुधा या दोन गोष्टींपायीच. आणि शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरी चार दिवसांच्या सहलीचा पैसा काही वाऱ्यावर आलेला नसतो.

पहिली गोष्ट भूगोलाची. शाळेच्या भिंतीवर नकाशा असेल तर त्याच्यासमोर उभे राहा. मुंबई उत्तरेकडून दक्षिणेकडे निमुळती होत समुद्रात शिरलेली आहे. आपले नातेवाईक आणि परवडण्यासारखी राहण्याची जागा बहुतकरून उत्तरेला, ठाणे-कल्याणच्या नाहीतर बोरिवली-वसईच्या बाजूला. पाहण्यासारख्या जागा मात्र पुष्कळशा दक्षिणेच्या टोकाला. म्हणजे सकाळी सगळी मुंबई ज्या दिशेला कामावर धावते त्याच दिशेला, त्याच वेळी, तुम्हीही धावणार! सकाळी ८ ते ११ दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी ५ ते ९ उत्तरेकडे येणाऱ्या लोकलमध्ये पाहुण्याने चढू नये. सामान घेऊन तर नाहीच नाही. मधल्या स्टेशनात लोकल अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही, आणि तुमची पिशवी कुठे अडकली हे पाहायला कोणाला सवड नसते. पहाटे ६ला निघा किंवा ११ वाजून गेल्यावर निघा. हा एवढा नियम पाळला तरी निम्मा शीण वाचतो.

दुसरी गोष्ट वारांची. सोमवार हा मुंबईच्या सहलीचा वैरी समजा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी सोमवारी बंद, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद. भायखळ्याचा राणीचा बाग आणि त्याला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांची सुटी मात्र बुधवारी. नाटकांचे प्रयोग सर्वांत जास्त शनिवारी-रविवारी. हे सारे जुळवून पाहिले म्हणजे गुरुवारी रात्री मुंबईत पोचावे आणि रविवारी रात्री परतीची गाडी धरावी, हा बेत आपोआप पुढे येतो. शिक्षकांना रजाही एकच दिवस पडते, फार तर दीड. एक पाचर मात्र आहे: रविवारी दिवसा रेल्वे आपल्या रुळांची दुरुस्ती काढते. त्याला मेगाब्लॉक म्हणतात. कुठल्या मार्गावर, किती ते किती, हे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते, मोबाइलवरही कळते. ते पाहिल्याखेरीज रविवारचा बेत पक्का करू नये. एखादी जागा दुरुस्तीसाठी काही महिने बंदही असते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारावे.

महिना? डिसेंबर, जानेवारी किंवा फेब्रुवारी. मे महिन्यात शाळांना सुटी असते म्हणून सगळे त्याच महिन्यात जातात आणि घामाने बेजार होऊन परततात. जून ते सप्टेंबर पाऊस. घारापुरीच्या बोटींचा तेव्हा भरवसा नाही. ६ डिसेंबरच्या आगेमागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करायला लाखो माणसे दादरच्या चैत्यभूमीवर येतात. त्यासाठीच जाणार असाल तर अवश्य जा, पण संग्रहालये पाहण्याचा बेत त्या दिवसांत घालू नका. बाबासाहेबांचे 'राजगृह' दादरलाच हिंदू कॉलनीत आहे. पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस कसा राहत होता हे शाळामास्तराने पाहण्यासारखे आहे.

आता काय पाहायचे, आणि कोणत्या क्रमाने? मुंबई पाहायला गेलेला माणूस बहुधा यादी करतो, आणि तीन दिवसांत पंचवीस ठिकाणे उरकतो. विचारले तर त्याला एकही धड आठवत नाही. मी म्हणतो, एक धागा धरा आणि त्याच्या मागून जा. उदाहरण देतो. गेटवेपासून बोटीने तासाभराच्या अंतरावर घारापुरीचे बेट आहे. पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा त्यांना एक भलामोठा दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. आज तुम्ही बेटावर गेलात तर तो हत्ती तिथे नाही. इंग्रजांच्या अमदानीत, १८६४ साली, तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून तो उभा केला, आणि आता तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात आहे. घारापुरीच्या काही मूर्ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. म्हणजे एकच बेट तीन ठिकाणी विखुरलेले आहे. शुक्रवारी वस्तुसंग्रहालयातल्या मूर्ती जवळून पाहा, शनिवारी सकाळी बेटावर जा, रविवारी भायखळ्याचा हत्ती पाहा. मुलांना हा हत्तीचा धागा सांगून नेले तर ती कंटाळत नाहीत, हे मी कॉलेजातल्या मुलांवरून सांगतो. ती तरी काय, मोठी मुलेच!

क्रमही तोच ठेवावा. घारापुरीच्या मुख्य लेण्यातली शिवाची त्रिमूर्ती माणसाच्या तिप्पट उंच आहे, आणि लेण्यात अंधुक उजेड. आधी संग्रहालयातल्या उजेडात दगडावरचे दागिने, मुकुट, केसांच्या बटा पाहायची डोळ्यांना सवय झाली असली, तर तिथे अंधारातही पुष्कळ दिसते. बोट पहिलीच पकडावी. धक्क्यापासून वर जायला शंभराच्या वर पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्यांवर माकडे आहेत. हातातली पिशवी आणि खाण्याचा पुडा यांतला फरक ती ओळखतात. खाण्याचे पदार्थ हातात धरू नयेत.

वस्तुसंग्रहालय लोकांसाठी उघडले ते १९२२ साली; तेव्हा त्याचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होते. इमारत जॉर्ज विटेट यांनी योजलेली. गेटवे ऑफ इंडियाची कमानही त्यांचीच. आत शिल्पे आहेत, लघुचित्रे आहेत, पशुपक्ष्यांचे मोठे दालन आहे. सगळे पाहायचे म्हटले तर दिवस पुरत नाही, आणि पाय तर त्याहून आधी संपतात. एका दमात दोन तासांपेक्षा जास्त पाहू नये. तीन दालने निवडावीत, मध्ये अंगणात झाडाखाली बसावे, पाणी प्यावे. त्याच चौकात समोर आधुनिक कला संग्रहालय, आणि जवळच जहांगीर कलादालन. गेटवे इथून चालत दहा मिनिटांवर. दुपार कलल्यावर राजाबाई टॉवरच्या बाजूला चालत जा. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला विद्यापीठ आणि हायकोर्टाच्या दगडी टोकदार इमारती, दुसऱ्या अंगाला साठसत्तर वर्षांनी मागाहून आलेली गोलसर कोपऱ्यांची घरे. दोन काळ एका मैदानावर समोरासमोर उभे आहेत. या परिसराला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. याला तिकीट नाही. मैदानाच्या कडेला उभे राहून दोन्हीकडे मान वळवायची एवढेच.

जहांगीर कलादालनाचे नाव घेतले, तिथे जरा थांबतो. १९५२ साली ते सुरू झाले. आत जायला पैसे पडत नाहीत. दार सताड उघडे, आत चित्रे टांगलेली, चितारी बहुधा स्वतःच तिथे बसलेला. एकदा मी मुलांना घेऊन गेलो असताना त्यांतला सर्वांत चौकस मुलगा बाहेरच्या पायरीवर बसून राहिला. का रे, म्हटले, तर म्हणाला, "सर, तुम्ही जाऊन या. माझे कपडे असे आहेत." कपडे वाईट नव्हते. स्टँडवर रात्र काढून चुरगळले होते, शर्टाला प्रवासाचा वास होता, आणि पायात मित्राकडून उसने आणलेले नवे बूट चावत होते. दारावर त्याला कोणी अडवले नव्हते. तो आपणहून अडला होता. आपल्या गावाकडची किती माणसे अशा उघड्या दारांवरून मागे फिरत असतील, कोण जाणे! म्हणून कपड्यांचा आणि बोचक्याचा विषय मला हलका वाटत नाही.

ऐट म्हणजे काय, ते आधी ठरवू. मुंबईतल्या माणसासारखे दिसणे म्हणजे ऐट नव्हे. मुंबईत कोणी कोणासारखे दिसतच नाही. धोतर-टोपी तिथे चालते, नऊवारी चालते, लेंगा-सदरा चालतो, पँट-शर्ट चालतो. चालत नाही ते एकच: आपल्या अंगावर आपल्याच कपड्यांचे ओझे होणे. उसना कोट, घट्ट बूट, लग्नातली जरीची साडी हे सगळे ओझे. स्वच्छ, इस्त्रीचे, अंगवळणी पडलेले कपडे घातले की माणूस कपडे विसरतो आणि समोरचे चित्र पाहू लागतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत. जुन्या काळच्या निरनिराळ्या समाजांचे पोशाख आणि धंदे त्यांत दाखवले आहेत. आपल्या आजोबांचा पोशाख काचेच्या कपाटात मानाने उभा आहे, आणि तोच अंगावर घालून बाहेर हिंडायला आपण लाजतो, याला काय म्हणावे?

तर कपडे किती? तीन दिवसांना तीन जोड. एक अंगावर, दोन पिशवीत. पुरुषांनी एक गडद पँट किंवा दोन पांढरे लेंगे, आणि त्यांवर कोणताही जाईल असे फिक्या रंगाचे तीन सदरे घ्यावेत. एकमेकांत अदलाबदल करता येईल असे रंग असले की तीन कपड्यांचे सहा दिसतात. बायकांनी दोन हलक्या सुती साड्या रोजच्यासाठी आणि एक जरा चांगली नाटकासाठी घ्यावी. दोन्ही साड्यांवर जाईल असे एक पोलके असले की भार कमी. मुंबईची हवा दमट. आपल्याकडे माळावर तासात वाळणारे लुगडे तिथल्या खोलीत रात्रभर ओले राहते, म्हणून नऊवारी नेसणाऱ्या बायांनी दुसरे लुगडे पातळ पोताचे घ्यावे. जाड जीनची पँट तरुण मुलांना आवडते. ती तिथे एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही हे त्यांना सांगून ठेवा. टेरिलिन-नायलॉनचे कपडे चुरगळत नाहीत खरे, पण घाम शोषत नाहीत, अंगाला चिकटतात. सुती तो सुतीच.

मग सुती कपड्याची घडी मोडते, तिचे काय? ती का मोडते ते समजले की उपाय सापडतो. सुताचा धागा दमट झाला आणि त्याच स्थितीत दाबून ठेवला, की वाकलेला तसाच बसतो. इस्त्रीही तीच युक्ती उलटी वापरते: पाणी आणि उष्णता देऊन धागा सैल करायचा आणि सपाट असताना वाळवायचा. तेव्हा दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, कपडे पुरते कोरडे आणि इस्त्रीची ऊब गेल्यावरच पिशवीत घालायचे; गरम घडी लगेच कोंबली तर सुरकुत्या कायमच्या. दोन, घडी टोकदार दाबू द्यायची नाही. सदऱ्याची घडी घालताना मधल्या मोडीत पंचा नाहीतर गुंडाळलेला बनियन ठेवावा, म्हणजे मोड गोल राहते. इस्त्रीचे कपडे एकाच्या पोटात एक असे घालून, वर-खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवावा. आतले कपडे, पंचा, पायमोजे यांच्या सुरळ्या करून कडेच्या फटी भराव्यात, कारण सामान आत हलले की घडी मोडलीच. मुक्कामी पोचल्यावर पहिले काम चहा नव्हे. उद्याचा सदरा काढून, झटकून, खुंटीला लावणे. सकाळपर्यंत पुष्कळ सरळ होतो. चहा मग घ्या.

पादत्राणांविषयी एकच आज्ञा देतो, आज्ञाच म्हणा: सहलीसाठी नवे घेऊ नये. घ्यायचेच असेल तर पंधरा दिवस आधी घेऊन गावातच पायांना ओळख करून द्यावी. संग्रहालयाच्या फरशीवर उभे राहून पाय जितके दुखतात तितके शेताच्या बांधावर चालून दुखत नाहीत. मागे पट्टा असलेली चप्पल सर्वांत सोयीची. कोल्हापुरी वहाण नाटकाला शोभते, पण लेण्यातल्या ओलसर दगडावर घसरते आणि पावसात भिजून फुगते.

पिशवी एकच, खांद्याला लावता येणारी; आणि तिच्या पोटात एक छोटी झोळी, दिवसा हिंडण्यासाठी. मोठी पिशवी पुष्कळ संग्रहालयांत दारावरच ठेवून घेतात. पिशवी फार जड झाली का, हे पाहायची सोपी परीक्षा आहे. आदल्या दिवशी ती भरून, खांद्याला लावून, घरापासून एस.टी. स्टँडपर्यंत चालत जाऊन या. वाटेत खाली ठेवावीशी वाटली तर घरी येऊन दोन वस्तू काढा. रेल्वे स्टेशनवर सामान ठेवायची सोय असते, पण कुलूप नसलेली पिशवी तिथे घेत नाहीत. म्हणून कुलूप लागेल अशीच न्यावी. झोळीत पाण्याची बाटली, पंचा, टिपणवही, पेन्सिल, नेहमीची औषधे, ओळखपत्राची प्रत. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत, आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सवय असली तरी थोडी सुटी नाणी-नोटा असू द्याव्यात. मोबाइलची बॅटरी नेमकी संध्याकाळीच उतरते. ज्यांच्याकडे उतरायचे त्यांचा पत्ता आणि नंबर कागदावर लिहून घ्यावा.

आणि शेंगा! पाहुण्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये हे मलाही मान्य आहे. पण पाच किलो शेंगा, पायलीभर जोंधळे आणि लोणच्याची बरणी घेऊन माणूस दादरच्या पुलावर उभा असला की मला त्याची कणव येते. न्यायचे तर न्या, मात्र ते उतरल्या उतरल्या थेट नातेवाइकाच्या घरी पोचवा, आणि लोणचे इस्त्रीच्या कपड्यांच्या पिशवीत घालू नका.

नाटकाचे थोडक्यात सांगतो. जाहिराती वर्तमानपत्रात येतात, आणि तिकिटे आता घरबसल्या मोबाइलवरही काढता येतात. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ सालापासून उभे आहे. माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिर, प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिर. रविवारी दुपारचा प्रयोग आपल्याला सोयीचा, कारण रात्रीचा प्रयोग उशिरा सुटतो आणि मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असतात. तिसऱ्या घंटेआधी जागेवर बसावे, मोबाइल बंद करावा, आणि ती जरा चांगली साडी, तो परीटघडीचा सदरा या दिवसासाठी राखून ठेवावा. नटमंडळी तुमच्यासाठी नटून उभी राहतात. तुम्हीही त्यांच्यासाठी एक स्वच्छ सदरा घाला.

शाळेची सहल नेणाऱ्या मास्तरांना थोडे निराळे सांगायचे आहे. मुलांच्या सवलतीसाठी आणि माहिती देणारा माणूस मिळण्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र महिनाभर आधी पाठवून उत्तर मिळवावे. पंधरा मुलांमागे एक मोठे माणूस हवे, लोकलमध्ये तर दहांमागे एक. प्रत्येक मुलाने संग्रहालयातली एकच वस्तू निवडावी, तिच्यासमोर दहा मिनिटे बसावे आणि वहीत तिचे चित्र काढावे, वाकडेतिकडे चालेल. गणवेश धुवून, इस्त्री करून न्यावा. ज्या मुलाच्या घरी इस्त्री नाही त्याचा गणवेश शाळेतच करून द्यावा, आणि तो गाजावाजा न करता.

घरच्या बाईमाणसाला वगळून हा बेत करू नका. २०२३ सालापासून एस.टी.त बायकांना निम्मे भाडे आहे, तेव्हा पैशाची सबबही अर्धी उरली आहे.

परतीच्या दिवशी तिकीट पुन्हा एकदा नीट वाचा. त्यावर नुसते 'मुंबई' पाहून निघालात तर फसाल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस वेगळे, कुर्ल्याजवळचे लोकमान्य टिळक टर्मिनस वेगळे, मुंबई सेंट्रल वेगळे, वांद्रे टर्मिनस वेगळे, आणि दादर तर दोन रेल्वेंचे मिळून एक. पिशवी सकाळीच भरून ठेवा. मळके कपडे खाली, त्यांच्या मध्ये विकत घेतलेली पुस्तके उभी, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. टिपणवही वरच्या कप्प्यात. गाडी सुटून जरा निवांत झाले की त्या वहीत लिहायला घ्या. दिवस आणि जागा अजून एकमेकांत मिसळलेल्या नसतात.